मुंगी विकायची की ठेवायची

सूनबाई या घरात पहिल्यांदा आली, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंनी तिला शिक्षण, नोकरी, भावंडं असं सगळं रीतसर विचारून घेतलं. होणारे सासरे तोवर कोपऱ्यात वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते. बायकोचे प्रश्न संपले तसा त्यांनी पेपर खाली केला आणि आपला एकच प्रश्न टाकला: रविवारचा सामना पाहिलास का? तिने पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, तर एका गोलने पुढे असताना कोचने उजव्या बाजूचा पळणारा पोरगा काढून तिथे एक थकलेला बचावपटू घातला, ही भित्रेपणाची हद्द झाली, असंही ती बोलून गेली. बोलून झाल्यावर तिने जीभ चावली. सासऱ्यांनी पेपरची घडी घातली, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाले, “हिला सोडू नकोस.”

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. चेंडू गोल असतो, यापलीकडे त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची हौसही नव्हती. त्यामुळे लग्नानंतर घरातलं एक जुनं दुखणं औषधाशिवाय बरं झालं. सासऱ्यांना सामन्याला सोबत मिळाली आणि मुलाच्या रविवारच्या दुपारी मोकळ्या झाल्या. सासूबाई शब्दकोडं सोडवता सोडवता म्हणायच्या, “मुलासाठी बायको आणली की ह्यांच्यासाठी जोडीदार, हे कोडं काही मला सुटत नाही.”

क्लबचा गणवेश पांढराशुभ्र, म्हणून सगळे त्याला बगळे म्हणत. विरोधी संघाचे लोकही बगळेच म्हणत, पण टोमण्याने. वर्षानुवर्षं दुसऱ्या विभागात एका पायावर उभे, आणि मासा काही गावत नाही. सासऱ्यांचं सगळं आयुष्य बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपाशी गेलेलं. तिथल्या घरघराटात बोलायची सवय लागल्याने आवाज असा, की त्यांनी मैदानाच्या पायऱ्यांवरून कॉर्नर मागितला तर पंचसुद्धा एकदा मान वळवून बघे. ते सुनेला ज्या आवाजात हाक मारत, त्यामुळे पूर्वेकडच्या पायऱ्यांवरचे झाडून सगळे तिला सूनबाई म्हणू लागले. तिकीटखिडकीवरचा माणूसही म्हणायचा. तिला त्याचं काही वाटत नसे. एवढ्या मोठ्या गोतावळ्याची सून होणं प्रत्येकीच्या नशिबी कुठे असतं?

पुढे नवा कोच आला आणि सासऱ्या-सुनेत पहिल्यांदा फूट पडली.

हा कोच चष्मा लावणारा, हळू बोलणारा. पायऱ्यांवर त्याचं नाव ‘प्राध्यापक’ पडलं. त्याने संघाला लांब लांब फटके मारणं बंद करायला लावलं. चेंडू जमिनीवर ठेवायचा, जवळच्याला द्यायचा, परत घ्यायचा, वाट दिसत नसेल तर मागे द्यायचा, पण पायातून सोडायचा नाही. या सगळ्या देवाणघेवाणीच्या मधोमध एक बुटका, चिवट पोरगा असायचा. तो क्लबच्याच शाळेत वाढलेला होता आणि क्षणभरही एका जागी थांबत नसे. लोक त्याला मुंगी म्हणत.

सूनबाई या खेळावर खूश होती. सासरे नव्हते. त्यांच्या मते फुटबॉल म्हणजे बाजूने पळायचं, चेंडू उंच टाकायचा आणि डोक्याने जाळ्यात घालायचा. सामने गोलशून्य सुटू लागले, तसे ते परतीच्या वाटेवर कुरकुरू लागले. “नुसतं जातं फिरतंय,” ते म्हणत, “पीठ काही पडत नाही.” ती म्हणे, जरा धीर धरा, घास बारीक घालतायत. मग कोणता पास कुठे चुकला, कुणी कुठे उभं राहायला हवं होतं, हे घरी जेवणाच्या ताटापर्यंत चाले. मिठाची डबी गोलरक्षक होई, पाण्याचे पेले बचावफळी. सासूबाई पाणी प्यायला पेला उचलत, तेव्हा दोघं एकदम म्हणत की थांबा, तो आत्ता चेंडू अडवणार होता. असं भांडण घराला मानवतं. त्याने कुणाचं रक्त आटत नव्हतं.

पण हंगामाच्या मध्यावर, खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे दिवस आले, तेव्हा अध्यक्षांनी बॉम्ब टाकला. एका मोठ्या क्लबने मुंगीला मागणी घातली होती. त्या पैशात पहिल्या विभागातला एक नावाजलेला स्ट्रायकर आणता येणार होता. वय जरा पुढे गेलेलं, पण फटका असा की त्याला सगळा देश तोफ म्हणायचा. क्लबचा एक जुना नियम होता: आपल्या शाळेत वाढलेला खेळाडू विकायचा तर सभासदांची मंजुरी घ्यायची. त्यासाठी सभा बोलावली गेली.

सासऱ्यांना आकाश ठेंगणं झालं. एकदाची कुणीतरी मोठं व्हायची ईर्षा दाखवली, म्हणाले. इतकी वर्षं आपण पोरं वाढवायची, दुसऱ्यांनी उचलून न्यायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हेच चाललं होतं. आता आपल्या दारात कुणीतरी येणार होतं. सूनबाईचा मात्र तिळपापड झाला. मुंगी काढली तर या संघात उरतंच काय, असं ती म्हणाली, तेव्हा सासरे म्हणाले, उरतो तो फुटबॉल. त्या दिवशी पेल्यांची बचावफळी मांडली गेली नाही.  नवऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि एखादी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर तो जसा आधी नुसता उभा राहून अंदाज घेई, तसा अंदाज घेऊन गुपचूप भांडी घासायला गेला.

पायऱ्यांवर सासऱ्यांचे जुने दोस्त उभे राहत. त्यांचा म्होरक्या मीटरकाका. हा माणूस विजेचे मीटर तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाला होता आणि अजूनही जगातल्या प्रत्येक गोष्टीचं रीडिंग घ्यायचा. या मंडळींनी ठरवलं की सभेत तोफेच्या बाजूने सासऱ्यांनीच बोलायचं. आवाज आहे, वय आहे, मान आहे. सासरे तयार झाले.

इकडे मुंगीच्या बाजूची तरुण मंडळी सूनबाईच्या मागे लागली. तू नीट बोलतेस, तुला खेळ कळतो, तू उभी राहा. तिने विचार करून सांगते म्हणून वेळ मारून नेली.

ती दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. दोन खोल्यांची जागा, खिडकीपाशी तिचं टेबल. टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, स्पिरिटच्या दिव्यावर मेण पातळ होत असलेलं, आणि खणात पांढऱ्या रंगाच्या इतक्या छटांचे दात की नवख्याला ते सगळे एकच वाटावेत. कोपऱ्यात पॉलिशचं चाक फिरवणारी मावशी बसे. तिच्या तोंडावर मास्क असायचा, पण त्याने तिचं बोलणं कधी अडलं नव्हतं. मावशीला सगळी हकीकत कळली, तेव्हा तिने चाक थांबवलं.

“सासऱ्यांच्या विरोधात? भर सभेत?”

सूनबाई म्हणाली की तेच तर कळत नाहीये. घरात काय वाटेल ते बोलता येतं. घरातलं बोलणं घरात राहतं. पण सभेत, त्यांच्या दोस्तांसमोर, त्यांचं म्हणणं खोडून काढायचं म्हणजे चारचौघांत त्यांची टोपी उडवल्यासारखं व्हायचं. आणि गप्प बसायचं तर मनातलं मनात ठेवून हात वर करायचा. तेही तिला चोरट्यासारखं वाटत होतं.

“मग आधी त्यांना सांग,” मावशी म्हणाली आणि चाक पुन्हा सुरू केलं.

सांगायला निमित्त घरीच तयार होतं. सासऱ्यांची कवळी सैल झाली होती. मागच्या महिन्यात एका गोलच्या वेळी ओरडताना ती तोंडातून निसटून पुढच्या पायरीवरच्या माणसाच्या टोपीत पडली होती, आणि तेव्हापासून ते गोल झाला तरी ओठ मिटून हुंकार देत. सभेत बोलायचं तर नवी कवळी हवीच होती. खरं म्हणजे जबड्याचा ठसा घ्यायचं काम डॉक्टरांचं. पण डॉक्टरांच्या खुर्चीचं नाव काढलं की सासऱ्यांना घाम फुटायचा. म्हणून डॉक्टरांनीच हसून सांगून टाकलं होतं की तुमच्या घरचा जबडा तुम्हीच सांभाळा.

तिने त्यांना स्वयंपाकघरात खिडकीजवळ उजेडात बसवलं, गळ्याभोवती टॉवेल बांधला, वाटीत गुलाबी लगदा कालवला, साच्यात भरला आणि तोंडात बसवून बोटांनी दाबून धरला. लगदा घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, नाकाने श्वास घ्यायचा.

“बाबा,” ती म्हणाली, “सभेत मी बोलणार आहे. तुमच्या विरुद्ध.”

सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. घशातून आवाज आला. तिने साचा आणखी घट्ट धरला.

“हलू नका, ठसा बिघडेल. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. मला तुमचा अपमान करायचा नाहीये. पण मुंगी विकणं चूक आहे असं मला मनापासून वाटतं, आणि ते मी नाही बोलले तर मला पायऱ्यांवर तुमच्या शेजारी उभं राहायची लाज वाटेल. तुम्ही नको म्हणालात तर नाही बोलणार.”

सासऱ्यांनी एक हात वर केला, बोट तिच्याकडे रोखलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग छताकडे. अर्थ काही लागेना. पलीकडे शब्दकोडं घेऊन बसलेल्या सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, “लग्नाला इतकी वर्षं झाली, पण यांना गप्प बसवायची ही युक्ती मला कधी सुचली नाही.”

लगदा घट्ट झाला. तिने साचा हलवून सैल केला आणि बाहेर काढला. ठसा स्वच्छ उतरला होता. सासऱ्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं, आणि बिनदाताच्या तोंडाने पण नेहमीच्याच आवाजात बोलले.

“बोल. पण हातचं राखून बोललीस, सासरा म्हणून दया दाखवलीस, तर तुझ्या हातची कवळी मी घालणार नाही.”

“बरं.”

“आणि ती घट्ट बसव. माझे शब्द सुटता कामा नयेत.”

तिने ती कवळी जिवाचं रान करून बनवली. प्लास्टर ओतलं, मेणात एकेक दात लावला, वरचा-खालचा मेळ पुन्हा पुन्हा बसवून पाहिला. मावशी चाकाआडून म्हणाली की पुढच्या दोन दातांत जराशी फट ठेवलीस तर सासरेबुवांची शिट्टी वाजेल आणि सभा तुझी होईल. दोघी खूप हसल्या. मग सूनबाईने ते दोन दात भिंगाखाली धरून आणखी एकदा तपासले.

सभा जवळच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत, दुपारी भरली. भिंतीला शिड्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या, आणि खुर्च्या कमी पडल्याने अर्धे लोक उभे. अध्यक्षांचा रंगांचा कारखाना होता. त्यांनी थोडक्यात प्रस्ताव मांडला आणि सासऱ्यांना बोलावलं. सासरे गुडघा सावरत पुढे गेले. ध्वनिक्षेपक पुढे केला, तर त्यांनी तो हाताने बाजूला सारला.

“मी भाषण करणार नाही,” ते म्हणाले. “मी बगळ्यांचं काय काय बघितलंय ते सांगतो. मी आपली चांगली चांगली पोरं मोठी होताना बघितली आणि जाताना बघितली. दर वेळी कुणीतरी सांगतं, थांबा, शिकतायत. शिकली की जातात. मुंगीही जाणार आहे. आज नाही तर दोन वर्षांनी. तिला अडवणारे आपण कोण? मग आज तिच्या बदल्यात तोफ येत असेल तर का नाही म्हणायचं? मला पहिल्या विभागातला सामना बघायचाय. टीव्हीवर नको. या मैदानावर, या पायऱ्यांवरून, या डोळ्यांनी.”

 मागे उभ्या असलेल्या सूनबाईला त्यांचा एकेक श आणि ष वेगळा ऐकू आला. कवळी अंगच्या दातांसारखी बसली होती. तिला अभिमान वाटला, पण आता त्यांच्याविरुद्ध बोलणं जड वाटू लागलं. या माणसाने मागितलं होतं तरी काय? एक सामना. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात तिच्या बाजूचेही काही होते. क्षणभर तिला वाटलं, आता काही बोलू नये, हात वर करावा आणि घरी जावं. पण सासरे जागेवर बसून तिच्याकडेच पाहत होते, भुवया उंचावून, एखाद्याने पास दिल्यावर पुढे पळ म्हणून खुणावावं तसे.

ती पुढे गेली.

 ती म्हणाली, बाबा म्हणाले ते खरं आहे, मुंगी एक दिवस जाईल. आणि गोल होत नाहीत हेही खरं. मीही दर रविवारी चिडून घरी जाते. मग तिने गेल्या काही सामन्यांत चेंडू गोलपर्यंत कसकसा गेला ते सांगितलं, कुठून निघाला, कुणाकडे आला, शेवटचा पास कुणी दिला. प्रत्येक वेळी मधे एकच नाव येत होतं. लोकांना ते खेळ आठवू लागले, माना हलू लागल्या.

“तोफ मोठी आहे, नाही म्हणत नाही,” ती म्हणाली.  “पण तोफेला दारूगोळा लागतो. तो आज जो पुरवतो, त्यालाच आपण विकायला निघालोय. मग तोफ काय शोभेला दारात ठेवायची?”

हशा पिकला. अध्यक्ष आपल्या जागेवरून म्हणाले की घरातला वाद घरीच मिटवला असता तर सभेचा वेळ वाचला असता.  तेवढ्यात पहिल्या रांगेतून तो भट्टीवरचा आवाज आला.

“घरी मिटला असता तर तुम्हाला ऐकायला मिळाला नसता. बोलू दे तिला.”

ती पुढे म्हणाली की आपल्याला गोल करणारा हवाच आहे, फक्त त्यासाठी मुंगी विकायची गरज नाही. थंडीत आपण परगावी सामन्याला गेलो होतो. त्यांच्याकडचा एक उंच, हडकुळा पोरगा शेवटी शेवटी बदली म्हणून आला आणि आपल्या दोन्ही बचावपटूंच्या डोक्यांवरून चेंडू काढून गेला. तेव्हा माझ्या शेजारी उभं असलेलं कुणीतरी म्हणालं होतं, असा एक खांब आपल्याकडे पाहिजे. तो खांब अजून त्यांच्या बाकावरच बसून आहे. त्याच्यासाठी कुणाला विकावं लागणार नाही.

“माझ्या शेजारी कोण उभं असतं,” ती म्हणाली, “ते तुम्हाला माहीतच आहे.”

सगळी व्यायामशाळा सासऱ्यांकडे वळली. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण ओठांचे कोपरे त्यांचं ऐकत नव्हते.

मतदान हात वर करून झालं. विकण्याच्या बाजूने सासऱ्यांचा हात सगळ्यात आधी आणि सगळ्यात उंच वर गेला. त्यांनी तो मोजणी संपेपर्यंत खाली घेतला नाही. सूनबाईने तो पाहिला आणि तिला बरं वाटलं. तिला त्यांचं मत दान म्हणून नको होतं. मोजणी दोनदा करावी लागली. मुंगी थोडक्यात वाचली.

बाहेर रस्त्यावर मीटरकाका फुरंगटून उभे होते. घरातल्या मोठ्यांना हे दिवस बघायची वेळ आली, वगैरे त्यांनी सुरू केलं. सासऱ्यांनी त्यांना मध्येच तोडलं. “माझंच वाक्य उचलून तिने मला गोल घातला. तुला जमलं असतं का?” मग सुनेकडे वळून म्हणाले, “तू बरोबर आहेस असं मी म्हणत नाही. पण बोललीस चांगली. आता हरलो तर शिव्या तुला.”

आणि बगळे हरले.

मोजणीनंतर अध्यक्षांनी खांब आणायचा शब्द दिला होता. ते घुश्शातच होते, पण शब्दाला जागले आणि खांबाला आणलं. पहिल्या सामन्यात तो स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला. दुसऱ्यात चेंडू त्याच्या डोक्याला लागून मैदानाबाहेर गेला. तोफ शेजारच्या शहराच्या क्लबने उचलली, आणि त्यांच्याकडून तिने पहिल्याच सामन्यात गोल ठोकले. मीटरकाका सोमवारी ते रीडिंग मोठ्याने वाचून दाखवत. पायऱ्यांवर सूनबाईला कुणी आता सूनबाई म्हणेना. मागून हाक यायची, “ओ दातवाल्या बाई, तुमचा खांब जरा पक्का बसवा.” ती हसून सोडून द्यायची. घरी आल्यावर मात्र हसू उतरायचं.

त्यानंतरच्या रविवारी तिने काम फार आहे सांगून सकाळीच प्रयोगशाळा गाठली. काम काही नव्हतं. रिकाम्या खोलीत ती एक जुना जबडा हातात घेऊन बसली होती. दुपारी जिन्यात धापा ऐकू आल्या. सासरे दारात उभे होते, कठड्याला धरून. इतक्या वर्षांत ते इथे कधीच आले नव्हते. ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे बघून ते क्षणभर दचकले, डॉक्टरांची खुर्ची दिसावी तसे. मग आत आले.

“चल. सामना आहे.”

ती म्हणाली, “तुम्ही जा, बाबा. माझ्यामुळे तुम्हालाही ऐकून घ्यावं लागतं.”

सासरे तिच्या स्टुलावर बसले. गुडघा चोळला.

“हे बघ, तू चुकलीस असं मी अजूनही म्हणतो. पण चुकीची बाजू घेतली म्हणून घरी बसायचं असतं, तर मी तरुणपणापासून घरीच बसलो असतो. कोट घाल.”

तिने कोट घातला.

त्या दिवशी सासरे दोस्तांच्या घोळक्यात गेले नाहीत. तरुण मंडळींच्या बाजूला, तिच्या शेजारी उभे राहिले. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही, तोच मागून दातांचा टोमणा आला. सासरे सावकाश मागे वळले.

“तिच्याशी भांडायचं काम माझं आहे,” ते गरजले. “ज्याला हौस असेल त्याने स्वतःची सून शोधावी.”

पायऱ्यांवर हास्याचा असा लोट आला की मैदानातल्या गोलरक्षकाने वळून पाहिलं. टोमणेवाला स्वतःही हसला. त्यानंतर तिच्या वाट्याला कुणी गेलं नाही.

दुसऱ्या सत्रात बगळ्यांनी चेंडू मागून फिरवायला सुरुवात केली. इकडून तिकडे, तिकडून इकडे, परत मागे. सासऱ्यांच्या घशात कुरकूर जमू लागलेली तिला कळत होती. विरोधी संघ हळूहळू पुढे ओढला गेला. दोघं मुंगीच्या अंगावर धावून आले. मुंगीने चेंडू पायाखाली क्षणभर दाबून धरला, दोघांना पुरतं जवळ येऊ दिलं आणि त्यांच्या मधल्या फटीतून डाव्या बाजूला सरकवला. तिथून तो उंच आला. अगदी सासऱ्यांना आवडायचा तसा, वळण घेत, लांबच्या गोलखांबापाशी. आणि तिथे आपला खांब उभा होता. त्याने उडीसुद्धा मारली नाही. नुसती मान वळवली.

गोल झाला तेव्हा सासऱ्यांनी तिचा दंड इतका घट्ट पकडला की दुसऱ्या दिवशी बोटांचे वळ उठले. तोंड उघडं, आवाज सातव्या आसमानात. श्वास परत आल्यावर ते म्हणाले की हा माझा फुटबॉल होता, शेवटचा चेंडू हवेतून आला, बघितलंस ना? ती म्हणाली, त्याआधीचे सगळे जमिनीवरून आले होते. दोघांचंही बरोबर होतं.

तिथून गाडी रुळावर आली. खांबाला आपले पाय सापडले. मुंगीला आपला चेंडू कुणाच्या तरी डोक्यावर पोचतोय असा भरवसा आला. बगळे जिंकू लागले आणि बघता बघता वर चढले. प्रयोगशाळेत डॉक्टरमंडळी कवळ्या न्यायला आली की आधी गुणतक्ता विचारू लागली. सामन्यावरून घरी आल्यावर टेबलावर पेल्यांची फळी पुन्हा उभी राहिली, आणि एकदा तर नवऱ्याने जाता जाता एक पेला दोन बोटं पुढे सरकवला. सासरे आणि सून एकमेकांकडे बघतच राहिले, कारण तो पेला तिथेच हवा होता.

शेवटच्या सामन्यात बगळ्यांनी समोरच्या संघाला मैदानभर नाचवलं आणि जिंकलं. पण वरच्या विभागात दोनच संघ जाणार होते, आणि बगळे तिसरे आले. पांढरे सदरे मैदानाला फेरी मारत होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, हरलेल्यांना वाजवतात तशा नाही. मुंगीने ध्वनिक्षेपकावर दोनच वाक्यं बोलून टाकली, की तो पुढच्या वर्षीही इथेच खेळणार आहे आणि आता त्याला भूक लागली आहे.

 बसथांब्याकडे चालताना सूनबाईच्या डोक्यात सासऱ्यांचं सभेतलं एकच वाक्य फिरत होतं: मला पहिल्या विभागातला सामना बघायचाय. शेवटी तिने विषय काढला.

“बाबा, तोफ आली असती तर कदाचित या वर्षीच वर गेलो असतो. तुम्हाला जे बघायचं होतं ते मी...”

“कदाचित,” सासरे म्हणाले. “आणि कदाचित सातवे आलो असतो. माझे डोळे चांगले शाबूत आहेत, सूनबाई. आपण वर जाऊ, आणि जाऊ तेव्हा चोरासारखे मागच्या दाराने जाणार नाही. आज बघितलंस ना, पोरं कशी खेळली?”

तिने मान हलवली. 

“मात्र पुढच्या वर्षी डाव्या बाजूला एक पळणारा लागेल,” ते म्हणाले. “सरळ रेषेत पळणारा. डोकं कमी चालवणारा.”

ती थांबली. म्हणाली की हे मात्र साफ चूक आहे, डावी बाजू आत्ताच तर बसली आहे, पळणारा आणला की सगळा मेळ विस्कटेल. सासऱ्यांनी थांब्याच्या बाकावर टोपी ठेवली, शेजारी चष्म्याचं घर ठेवलं, तिच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून मध्ये उभी केली आणि पळणारा कुठून कुठे पळेल ते दाखवू लागले. तिने चष्म्याचं घर उचलून मागे नेलं. बस आली, दार उघडून थोडा वेळ थांबली. चढायला कुणाला वेळ नाही हे बघून चालकाने दार लावलं आणि तो निघून गेला.